विरू रमेपर्यंत

नागम्माच्या घरात दिवसभर पाच-सहा लेकरं असत आणि बोलायला एक माणूस नसे. हे तिने कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं. गल्लीत सगळे म्हणत, नागम्माचं बरं आहे, घर कसं भरलेलं असतं. भरलेलं असे, यात वाद नव्हता. एक रांगत चुलीकडे निघालेलं, एक ओलं झालेलं, एक दुसऱ्याच्या हातातली भाकरी ओढणारं. पण दीड वर्षाच्या माणसाशी बोलून बोलून बोलणार किती? मम्‌ पाहिजे का, भुर्र जायचं का, हात लावू नको हाऽ होईल. एवढ्यात सगळं आलं. संध्याकाळी ती फौज आपापल्या आयांच्या कडेवर बसून गेली की तिच्या लक्षात येई, आज आपण दिवसभरात एक धड वाक्य बोललेलो नाही. एकदा तर दूधवाल्याला ती सवयीने 'दुदू आणलं का' म्हणून गेली. तो बिचारा हसला, तीही हसली. दार लावून घेतल्यावर मात्र तिला फार वाईट वाटलं.

एके काळी या घरात बोलण्याचा तोटा नव्हता. नवरा सिद्धलिंग धान्याच्या मोंढ्यात मापाडी होता आणि जातिवंत बोलका. माप टाकताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची मोंढ्याची रीत. हा घरी भाकरी वाढून घेतानाही 'लाभ, दोन' म्हणायचा. कुणाच्या तुरीत किती खडे निघाले, कोणत्या अडत्याचं कुणाशी वाजलं, सगळं जेवताना नागम्माच्या कानावर पडायचं. तिला त्या अडत्यांचं काडीचं देणंघेणं नव्हतं. पण ती ऐकायची, मधेमधे टोकायची, तो चिडायचा, आणि यातच त्यांचा संसार झाला. एके दिवशी मोंढ्यातच चक्कर येऊन तो पडला तो उठलाच नाही. मुलगी रुद्राणी बिलोलीला दिलेली. ती पंचमीला यायची, चार दिवस राहायची आणि त्यातले दोन झोपून काढायची. सासरी झोप मिळत नसेल, असं म्हणत नागम्मा तिच्या अंगावर पांघरूण घालायची, आणि बोलायचं राहून जायचं.

मग लातूरचा जिल्हा झाला. उस्मानाबादपासून वेगळं निघालो म्हणून गावात मिरवणुका निघाल्या, गुलाल उडाला, आणि अंगावरचा गुलाल झाडून होतो न होतो तोच घरभाडी वाढली. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, त्यांच्या हाताखाली बदलून आलेली माणसं आली. त्यांत नोकरीवाल्या बायाही होत्या. सासू गावी, आई गावी, आणि इथे भाड्याच्या दोन खोल्यांत नवरा-बायको नि एक अंगावरचं पोर. गोलाईच्या बाजारामागच्या या गल्लीत राहायला आलेल्या एका नर्सबाईने 'तासाभरासाठी' म्हणून लेकरू नागम्माकडे ठेवलं. तो तास काही वर्षं चालला. एकीचं बघून दुसरी आली. पाटी कधी लागली नाही, पण 'नागम्माचं पाळणाघर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा. पाळणा तिथे एकच होता, तोही तुळईला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीचा. लेकरं तिला अव्वा म्हणत, कारण ती स्वतःला तेच म्हणवून घ्यायची. तिच्या माहेरी, कर्नाटकाच्या शिवेवर, आईला तोच शब्द होता. लेकरांच्या आया तिला मावशी म्हणत.

लेकरू ठेवून घ्यायची तिची एक पद्धत होती आणि त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. सहा महिन्यांचा झालाय, ठेवू का, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, महिने कॅलेंडरला विचारा, मी लेकराला विचारते. सुरुवातीला आईने आत चुलीपाशी तिच्याशेजारी बसायचं. लेकरू इकडेतिकडे बघायला लागलं की आईने मधल्या खोलीत सरकायचं. मग ओट्यावर. मग समोर अमीरबीच्या ओट्यावर, म्हणजे दिसेल पण हाताला लागणार नाही. मग गल्लीच्या तोंडाशी, आणि मग कचेरीत. एखादं लेकरू हा प्रवास दोन-तीन दिवसांत उरकायचं, एखादं पंधरवडा खायचं. आयांना घाई असे. लेकरू खेळात गुंतलं की चपला हातात घेऊन मागच्या मागे सटकायचा त्यांचा बेत असायचा. तो नागम्मा चालू द्यायची नाही. चोरून जायचं नाही, लेकराच्या तोंडाकडे बघून 'मी जाऊन येते' असं सांगून जायचं. रडलं तर रडू दे, पण आपल्याला फसवलं असं त्याला वाटता कामा नये.

शेवटचा निकाल ती झोपेवर ठेवायची. झोपेतून उठताना लेकराला सोंग करता येत नाही, असं तिचं म्हणणं. डोळे उघडून त्याने नागम्माचं तोंड पाहिलं आणि रडं न काढता तिच्याकडे हात केले, की झालं, लेकरू रमलं. दुसऱ्या दिवसापासून आईने खुशाल कामावर जावं. हा निकाल आजवर चुकला नव्हता, आणि तिने तो कधी कुणाला खोटा सांगितला नव्हता.

पावसाने दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली तेव्हाची ही गोष्ट. नळाला आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. आला की ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन तो पळायचा. गल्लीत एकट्या जिलानीची चांदी होती. हा अमीरबीचा नवरा. गळक्या घागरींना, पत्र्याच्या पिपांना कथलाचा डाग द्यायचा, आणि त्या वर्षी गळकी घागर घरात ठेवणं कुणालाच परवडत नव्हतं. अमीरबीचे गुडघे कामातून गेलेले. ती सकाळी ओट्यावर बसायची ती संध्याकाळी उठायची. गल्लीत जे काही घडे ते तिच्या नजरेखालून जाई, आणि तिची नजर काही गुडघ्यांसारखी अधू नव्हती.

संक्रांत झाली आणि शिवगंगा आली. देवणीकडची, पंचविशीतली, कडेवर विरू. विरूपाक्ष असं भारदस्त नाव असलेलं ते दहा महिन्यांचं गुबगुबीत पोर. जावळ अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे केस डोळ्यांवर. नवरा गुरुलिंग किनवटला आश्रमशाळेत मास्तर. सुट्टी पडेल तेव्हाच यायचा. तिचा बाप गायी-बैल घेऊन चारा छावणीत जाऊन बसला होता आणि आई त्याला भाकरी करून घालायला तिथेच. म्हणजे लेकराजवळ यायला कुणी नाही. शिवगंगेला नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली होती, तीही तात्पुरती. बाळंतपणाच्या रजेला बिनपगारी रजा जोडून झाली होती. साहेबांनी शेवटचं सांगितलं होतं, महिनाअखेरच्या सोमवारी टेबलापाशी दिसला नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. हे सगळं तिने पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसून सांगितलं, आणि सांगताना नागम्माला ती मावशी न म्हणता अव्वा म्हणाली. घरी कानडी बोलणारी मुलगी. तिच्या तोंडात तोच शब्द होता.

नागम्मा म्हणाली, बघू लेकरू काय म्हणतंय ते.

लेकरू काय म्हणायचं ते म्हणो, पण त्याची आई फार बोलायची. बसल्या जागी हातही चालायचा आणि तोंडही. ज्वारी निवडायला घेतली तर निवडता निवडता देवणीच्या बाजारातली गोष्ट, वाती वळायला घेतल्या तर वारलेल्या सासूच्या सोवळ्याची. मुख्य म्हणजे ती विचारायची. नागम्माने सिद्धलिंगच्या मापाचं काही सांगितलं की ही हातातलं सूप खाली ठेवून विचारायची, मग काय झालं? इतक्या वर्षांत नागम्माला कुणी 'मग काय झालं' असं विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला सांगताना शब्द आठवेनात. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आठवून बसली, आज हिला काय काय सांगायचं ते. भाजीला फोडणी टाकताना ती चक्क गुणगुणली, आणि आपल्याच आवाजाने चपापली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीची लेकरं झोपली होती. शिवगंगा ओट्यावर वाती वळत बसलेली, विरू झोळीत, आणि झोळीची दोरी नागम्माच्या हातात. विरूने डोळे उघडले. वर वाकलेलं नागम्माचं तोंड जरा वेळ निरखलं. मग दोन दात दाखवून तो हसला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

बाहेरून शिवगंगेने विचारलं, "उठला का, अव्वा?"

"हाव," नागम्मा म्हणाली.

"मला हुडकला का?"

काय उत्तर द्यायचं ते विरूने आधीच देऊन ठेवलं होतं. नुसतं बाहेर सांगायचं होतं. पण नागम्माला त्या क्षणी उद्याची दुपार दिसली. ओटा रिकामा, सूप भिंतीला टेकवलेलं, आणि आपण कुणाला तरी 'मम्‌ पाहिजे का' विचारतोय.

"हाव," ती म्हणाली, "उठल्या उठल्या तुलाच हुडकून राहिलाय. कच्चं हाय अजून लेकरू. बस दोन-चार दिस."

शिवगंगा उठून आत आली, विरूला घेतलं, आणि विरू आईला पाहूनही हसला. ते कुणालाही पाहून हसणारं बाळ होतं. शिवगंगेने त्यावरून काहीच ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी, ती आपली नागम्माच्या तोंडाकडे बघत होती.

खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज चारापाणी घालावं लागतं. शिवगंगा ओट्यावर सरकली की नागम्मा म्हणे, आज त्याचा जीव बरा दिसत नाही, आत ये. अमीरबीच्या ओट्यावर बसली की थोड्या वेळाने हाक जाई, ये बाई, लेकराचं लक्ष लागेना. ती आली की दोघी चुलीपाशी बसत. तेवढ्यात चहा होई, आणि बोलणं कालच्या ठिकाणाहून पुढे सुरू होई. त्या दिवसांत नागम्मा सुखात होती, आणि हे सुख चोरीचं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगून टाकू. दुपारी चहा व्हायचा आणि सांगणं उद्यावर जायचं. अमीरबीने एकदा समोरून टोकलंच, पोर तर गुमान खेळतंय, तू आईला का म्हणून हाका मारतेस? नागम्मा म्हणाली, तुला लांबून काय कळतंय. अमीरबी गप्प बसली. पण ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं कधी झालेलं नव्हतं.

रविवारी पाळणाघराला सुट्टी असे, आणि रविवार नागम्माला खायला उठे. तेव्हा तिने शिवगंगेला सांगून टाकलं, रमायला लागलेल्या लेकराला खंड पडू देऊ नये, रविवारीही घेऊन ये. हा नियम तिने त्याच दिवशी काढला होता. शिवगंगा बिचारी रविवारीही आली.

पण ती हळूहळू वाळत चालली होती. तिला वाटू लागलं, आपल्याच पोरात काही कमी आहे. बाकीच्या बायांची लेकरं चार दिवसांत राहतात, हा का नाही राहत? आपण अंगावर फार पाजलं म्हणून? फार कडेवर घेतला म्हणून? असे प्रश्न ती नागम्मालाच विचारायची, आणि नागम्मा काहीतरी पुटपुटून चुलीत फुंकर घालायला वळायची. महिना संपत आला. शनिवारी संध्याकाळी विरूला कडेवर घेऊन शिवगंगा दारात थांबली आणि म्हणाली, आता माझ्याच्यानं होत नाही. सोमवार तर परवावर आला. नोकरी जाऊ दे, लेकराला घेऊन किनवटला जाते, झाडाखाली राहीन पण त्याला असं रडवणार नाही.

लेकरू एकदाही रडलं नव्हतं. नागम्माच्या तोंडात ते शब्द आले आणि तिथेच थिजले. ही नोकरीवर गेली असती तर निदान सकाळ-संध्याकाळ दारात तरी दिसली असती. आता तीही जाणार, लेकरूही जाणार, आणि ते आपण स्वतः घडवून आणलं. एवढं कळूनही ती 'उद्या ये, बघू' एवढंच म्हणाली. रात्री तिने स्वतःला दूषणं दिली. उद्या आल्या आल्या सांगायचं, चहा टाकायच्या आधी, असं तिने पक्कं ठरवलं.

रविवारी शिवगंगा आली. नागम्माने आधी चहा टाकला. एवढा शेवटचा होऊ दे, मग सांगू. मग विरूला झोप आली. तो झोपू दे, मग सांगू. त्याला आतल्या खोलीत जमिनीवर गोधडी घालून निजवलं, आणि शिवगंगा बाहेर ओट्यावर जाऊन बसली. नागम्मा मागच्या अंगणात भांडी राखेने घासत होती, पाणी कुठे होतं धुवायला. आणि टँकरचा हॉर्न वाजला.

नागम्माने घागर उचलली आणि मागच्या बोळातून पळाली. लेकराजवळ शिवगंगा आहेच. शिवगंगेने येताना आणलेली आपली कळशी ओट्यावरून उचलली आणि पुढून पळाली. लेकराजवळ अव्वा आहेच. त्या दुष्काळात हॉर्न वाजल्यावर मागे वळून बघणारं माणूस गल्लीत एकही नव्हतं. टँकरभोवती हीऽ झुंबड. पाइप कुणाच्या हातात, शिव्या कुणाच्या तोंडात, कुणाचं पातेलं कुणाच्या पायाखाली. नागम्माची घागर अर्धी भरली असेल नसेल, तेवढ्यात तिला टँकरच्या पलीकडे, बायांच्या डोक्यांवरून, शिवगंगेचं तोंड दिसलं. शिवगंगेलाही ती त्याच वेळी दिसली.

दोघींनी एकमेकींच्या कडेकडे पाहिलं. दोन्ही कडा रिकाम्या होत्या.

घागर तिथेच राहिली, कळशी तिथेच राहिली. शिवगंगा पुढे, तिच्यामागे नागम्मा, पदराचं भान नाही. घरात चूल होती, चुलीत निखारे होते, मागच्या अंगणात उघडं पिंप होतं. कोरडं का असेना, पण आत पडलं तर? आयुष्यात इतकी लेकरं सांभाळली, एकाला खरचटू दिलं नाही.

विरू दारात बसला होता. झोपेतून उठून तो रांगत उंबऱ्यापर्यंत आला होता. गालाला राख, नाक वाहतंय, आणि तळव्याने उंबरा थोपटत तो स्वतःशीच काहीतरी लांबलचक बोलत होता. त्या दोघी धापा टाकत पुढ्यात उभ्या राहिल्या तेव्हा त्याने वर पाहिलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

समोरून अमीरबी बोलली. तिला उठता आलं नव्हतं, पण ती तेवढा वेळ नजर न हलवता त्याच्याशी बडबडत बसली होती. "लई वेळ झाला उठून. तुला हुडकलं न्हाई, हिलाबी हुडकलं न्हाई," ती शिवगंगेला म्हणाली. "मी तर पयल्यापासून बघून राहिले, हे लेकरू कवाच रडलं न्हाई. कोण म्हणतंय तुला, रमंना म्हणून?"

गल्लीच्या तोंडाशी टँकर रिकामा होऊन निघाल्याचा आवाज आला. शिवगंगेने विरूला उचललं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि मग नागम्माकडे वळली.

"अव्वा, खरं सांग. विरू कवा रमला?"

खोटं बोलायला जागा होती. अमीरबीला लांबून काय कळतंय, असं म्हणता आलं असतं. पण नागम्माला त्या धावण्याने आणि त्या भीतीने अगदी रिकामं करून टाकलं होतं.

"तिसऱ्या दिशी," ती म्हणाली.

"मग मला कशाला बसवून घेतलंस?"

"तू गेली असतीस."

शिवगंगेला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिचा चेहरा कसनुसा झाला. ती ओरडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर नागम्माने तेही गोड मानून घेतलं असतं. "मी माझ्या लेकराला दोष देत बसले होते," एवढंच ती म्हणाली आणि विरूला घेऊन गेली. टँकरपाशी राहिलेली कळशीही तिने नंतर कुणाच्या तरी हाती मागवून घेतली. नागम्माची घागर सापडली ती पार आडवी, रिकामी, कुणाच्या तरी पायाने चेपलेली.

सोमवारी सकाळी एकेक लेकरू येत गेलं आणि नागम्माचे कान गल्लीकडे. ती येणार नाही असं तिने मनाशी म्हणून ठेवलं होतं, म्हणजे आली नाही तर लागायला नको. पण शिवगंगेला दुसरं दार तरी कोणतं होतं? ती आली. इस्त्रीची साडी, हातात डबा, केसाला तेल. ओट्यावर न बसता तिने विरूला उंबऱ्याच्या आत ठेवलं, त्याच्यापुढे वाकली आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, विरू, मी जाऊन येते. अगदी नागम्माच्या शिकवणीप्रमाणे. मग उभं राहून म्हणाली, "मावशी, दुपारी याला वरण-भात द्या. तुमची घागर मी जिलानीचाचांकडून नीट करून देते."

मावशी. आणि तुम्ही. बोलणं अगदी नम्र होतं, त्यात नाव ठेवायला काही नव्हतं. नागम्माने मान हलवली. शिवगंगा गल्लीने सरळ चालत गेली, वळून पाहिलं नाही. विरू तिच्या पाठीकडे जरासं बघून दुसऱ्याच्या हातातली भाकरी ओढायला निघाला. त्याची नोकरीवाली आई वेळेत टेबलापाशी पोचली असणार, या विचाराने नागम्माला हलकं वाटलं. पण त्या दिवशी तिने ज्वारी निवडायला घेतली आणि तशीच ठेवून दिली.

विरू दिवसभर तिच्या अंगाखांद्यावर होता. जेवला, झोपला, उठला, हसला. संध्याकाळी शिवगंगा आली, दमलेली, टायपिंगने बोटं आखडलेली, आणि उंबऱ्याबाहेरूनच तिने हात पुढे केले. विरूने आईकडे पाहिलं, आणि नागम्माच्या खांद्यात तोंड खुपसलं.

पहिल्या संध्याकाळी लेकरं असं करतात. दिवसभर सोडून गेली म्हणून आईवर रुसतात, तोंड फिरवतात. आईने अशा वेळी आत यावं, शेजारी बसावं, हात न लावता, काही न बोलता थोडं थांबावं. लेकरू आपण होऊन मांडीवर येतं. ओढून नेलं तर दिवसाचा राग त्याच्या मनात घट्ट बसतो, आणि पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळ म्हटली की ते रडतं. हे नागम्माने आजवर येणाऱ्या प्रत्येक आईला सांगितलं होतं. ते खरं होतं.

"शिवगंगा," ती म्हणाली, "जरा बस. त्याला आपणहून येऊ दे."

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःलाच ते ऐकू आले. पंधरवडाभर ती याच आवाजात, याच मायेने, हेच म्हणत आली होती. जरा बस. शिवगंगेने तिच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभर तिचा पाय उंबऱ्याशी घोटाळला, एवढं नागम्माला नक्की दिसलं. विरूच्या आईला बसायचं होतं. पण समोरची बाई खरं सांगतेय की तिला पुन्हा गप्पा हव्यात, हे ओळखायचं कशावरून?

"नको मावशी, उशीर होतो," शिवगंगा म्हणाली. तिने आत हात घालून विरूला ओढून घेतलं. त्याची मूठ नागम्माच्या लुगड्यात अडकली होती, ती तिने एकेक बोट करून सोडवली.

आणि विरू रडला. इतक्या दिवसांत त्याचं रडणं नागम्माने कधी ऐकलं नव्हतं. कसं असेल तेही तिला ठाऊक नव्हतं. तो आईच्या खांद्यावरून मागे बघत, श्वास कोंडेपर्यंत रडत होता. शिवगंगा त्याची पाठ थोपटत भराभर चालली होती, आणि तिचीही मान खाली गेली होती.

नागम्मा दाराला धरून उभी राहिली. मागून हाक मारावी, अगं थांब, या खेपेला मी खरं बोलले, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ते ऐकणार कोण? रडणं गल्लीच्या तोंडाशी वळलं आणि पुसट होत गेलं. उद्या संध्याकाळीही ते लेकरू असंच रडणार, परवाही रडणार, हे साऱ्या लातुरात एकट्या तिला माहीत होतं. आणि ते त्याच्या आईला सांगायचं तोंड तिने उरू दिलं नव्हतं.